हब क्रमांक दोनचा अतिरिक्त कार्यभार

सिराजभाई तांबोळींच्या घरात ती डबी आली ती त्यांच्या मर्जीविरुद्ध आली, आणि हे त्यांनी पहिल्याच दिवशी साक्षीदारासमोर जाहीर केलं. साक्षीदार म्हणजे समोरच्या फ्लॅटमधल्या सुशीलाबाई. बाई निवृत्त मुख्याध्यापिका, त्यामुळे कसबा पेठेत त्यांची साक्ष कुठेही ग्राह्य धरली जाते.

डबी साबणाच्या वडीएवढी, पांढरी, कपाळावर हिरवा दिवा. तिचं नाव हब. मुलगा शहाबाज बाणेरला सतराव्या मजल्यावर राहतो आणि आयटीत आहे, त्यानेच ती आणली. एका रविवारी येऊन त्याने दाराला, स्वयंपाकघराच्या चौकटीला, गीझरला, जागोजागी चिमुकले सेन्सर चिकटवले. अब्बा उठले, अम्मीने चहा टाकला, दार उघडलं, दार लागलं, ही सगळी खबर डबी आता त्याच्या फोनवर पोचवणार होती. चौतीस वर्षं पाटबंधारे खात्यात हेडक्लार्क म्हणून दुसऱ्यांच्या हजेऱ्या तपासलेल्या माणसाची हजेरी आता स्वतःच्या स्वयंपाकघराच्या दारात लागणार, हे सिराजभाईंच्या चांगलंच जिव्हारी लागलं.

बरं, शहाबाजचंही अगदीच चुकलं होतं असं नाही. दिवाळीच्या आधी हुस्नबानू लोणच्याची बरणी काढायला स्टुलावर चढल्या आणि खाली आल्या त्या मनगट मुरगळून. नवराबायकोने ठरवलं, मुलाला कळवायचं नाही, उगाच कशाला त्याच्या डोक्याला ताप. आठ दिवसांनी त्याला ते भलत्याच कुणाकडून कळलं आणि मग जे व्हायचं ते झालं. दोघांनी कायमचं बाणेरला यावं, असं त्याचं म्हणणं. सतराव्या मजल्यावरून माणसं दिसत नाहीत, नुसती टाळकी दिसतात, आणि टाळक्यांशी मी काय बोलू, असं सिराजभाईंचं म्हणणं. शेवटी तडजोड म्हणून डबी आली, आणि डबीबरोबर एक अट आली. सिराजभाई अट तोंडी कशी मान्य करतील? त्यांनी स्वतः कागद घेऊन करारपत्र लिहिलं: 'उपरोक्त हब तीन महिन्यांच्या कालावधीत पाच वेळा पंधरा मिनिटांहून अधिक काळ बंद आढळल्यास, लिहून देणार हे बाणेर येथे विनातक्रार स्थलांतरित होतील.' खाली तारीख, कारण आणि सही असे तीन रकाने आखले. शहाबाजने सही केली, सुशीलाबाईंनी साक्षीदार म्हणून केली आणि जाताना डबीवर घालायला क्रोशाचा रुमाल देऊन गेल्या. बाईंच्या घरात कुठलीही वस्तू उघडी नसते.

डबी बसवली ती बाहेरच्या दाराशेजारच्या बोर्डाजवळ, कारण इंटरनेटचं यंत्रही तिथेच होतं. हा बोर्ड म्हणजे सिराजभाईंचं जन्मभराचं राज्य. माणूस नसलेल्या खोलीत पंखा फिरताना त्यांना कधी बघवला नाही. ऑफिसातून सगळ्यांत शेवटी तेच निघायचे, दिवे-पंखे बंद करून. शहाबाज लहान असताना एकदा शाळेची सहल निघाली होती, मुलं बसमध्ये बसली होती, आणि सिराजभाईंनी त्याला बसमधून उतरवून घरी नेलं, पंखा बंद करायला लावला आणि परत आणून बसवलं. ड्रायव्हरने काहीतरी म्हटलं, पण सिराजभाईंनी त्याला भीक घातली नाही. असल्या घरात वाढलेला मुलगा शिस्तीचा निघणार यात नवल नाही, हे ते अजूनही सांगतात.

पहिला फटका चौथ्याच दिवशी बसला. नोव्हेंबर महिना, म्हणजे हयातीच्या दाखल्याचे दिवस. पेन्शन चालू राहायची तर आपण जिवंत आहोत हे दरसाल बँकेत जाऊन सांगावं लागतं. सिराजभाई आणि हुस्नबानू दोघंही गेले. खिडकीतल्या बाईंनी त्यांच्या तोंडाकडे बघितलं, कागदाकडे बघितलं, आणि त्या शिक्का उचलणार तेवढ्यात फोन वाजला. शहाबाज विचारत होता, अब्बा, ठीक आहात ना, घर ऑफलाइन दाखवतंय. सिराजभाई म्हणाले, मी जिवंत आहे की नाही त्याचा निकाल आत्ता इथे लागतोय, दोन मिनिटं थांब. घरी येऊन बघतात तर डबीचा दिवा हिरवागार, जसं काही झालंच नाही. करारपत्रात पहिली नोंद झाली. कारण: अज्ञात.

दुसरी नोंद पुढच्या आठवड्यात, हुस्नबानूंची भाची जिनत हिच्याकडे स्वारगेटला गेले तेव्हा. तिसरी दातांच्या डॉक्टरकडे गेले त्या दिवशी. दर वेळी तेच. बाहेर पडलं की डबी मेली, घरात पाऊल टाकलं की डबी जिवंत. सिराजभाईंनी इंटरनेटवाल्यांना फोन लावला. तिकडे शालन नावाच्या बाई होत्या. त्यांनी तक्रार क्रमांक दिला, सिराजभाईंनी जावक क्रमांकही मागितला. तो नसतो असं कळल्यावर इतकी मोठी कंपनी चालते कशी याबद्दल त्यांनी काळजी व्यक्त केली. मग शालनबाईंनी शांतपणे विचारलं, सर, बटण बंद तर राहत नाही ना?

"बाई," सिराजभाई म्हणाले, "मी चौतीस वर्षं सरकारी नोकरी केली आहे. बटण कधी चालू असावं आणि कधी बंद, हे तुम्ही मला सांगू नका."

तक्रार निकाली निघाल्याचा संदेश संध्याकाळी आला.

आता इमारतीत चौदा फ्लॅट, म्हणजे सल्ले चौदा. सोसायटीचे सेक्रेटरी रंगराव म्हणाले, कबुतरं वायरीवर बसतात आणि त्यांच्या वजनाने सिग्नल दबतो. सुशीलाबाईंना वाटलं डबीला उष्णतेचा त्रास असावा, त्यांनी क्रोशाचा रुमाल बदलून जाळीचा दिला. हुस्नबानूंचं निदान सगळ्यांत सोपं होतं. डबीला घरात एकटं राहायची भीती वाटते, त्या म्हणाल्या, आपण असलो की कशी गुण्यागोविंदाने राहते. म्हणून त्या बाहेर पडताना तिला सोबत म्हणून शेजारच्या प्लगवर रेडिओ लावून जाऊ लागल्या. त्यांचे गुडघे दुखतात, तीन मजले उतरायला वेळ लागतो, तेव्हा त्या आधी निघत आणि सिराजभाई मागून कुलूप लावून येत. परत आलं की रेडिओ छान चालू असे. सोबत असूनही डबी चौथ्यांदा गेली ती गेलीच.

चार. पाचांपैकी चार. तीन महिन्यांतला अजून निम्मा काळ बाकी. हुस्नबानूंनी त्या दिवशी चहा केला तो बिनसाखरेचा झाला आणि दोघांनीही तो तसाच प्यायला. इथे त्यांची सून म्हणून पहिली भाकरी झालेली, इथे शहाबाजच्या वेळचं बाळंतपण झालेलं. बाणेरला चांगलं होतं, सून उम्मेहानी लाखात एक होती, पण तिथे दुपारी दार उघडं टाकून बसता येत नाही. मला नाही जायचं, एवढंच त्या म्हणाल्या आणि कपबशा उचलून आत गेल्या. सिराजभाईंचं डोकं तिथे सटकलं. एका साबणाच्या वडीने आपल्याला कसब्यातून उठवायचं? बघतोच म्हणाले.

त्यांनी शहाबाजला फोन करून कायद्याची बाजू विचारली. हब बंद पडलं तर पुढे काय? तुमच्या शास्त्रात काही सोय आहे की नाही? शहाबाज प्रामाणिक मुलगा, त्याने सांगून टाकलं की सोय आहे. दुसरं हब ठेवायचं, वेगळ्या मीटरवर, वेगळ्या इंटरनेटवर. पहिलं गेलं की सगळे सेन्सर आपोआप दुसऱ्याकडे वळतात, घर चालू राहतं, पहिलं परत आलं की दुसरं बाजूला होतं. सिराजभाईंचा चेहरा उजळला. ही गोष्ट त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

"म्हणजे अतिरिक्त कार्यभार," ते म्हणाले. "साहेब रजेवर गेले की शेजारच्या टेबलावरचा सांभाळतो. मग एवढं इंग्रजी कशाला बोलत होतास?"

दुसरं हब सुशीलाबाईंकडे ठेवायचं ठरलं. बाईंनी आनंदाने फ्रिजवरची जागा दिली आणि रुमाल विणायला घेतला. फक्त दोन्ही हब एका वायरने जोडावीत, म्हणजे खात्रीचं काम होईल, असं शहाबाज म्हणाला, आणि मधे चार फुटांचा पॅसेज होता. पॅसेज ही सामाईक मालमत्ता. रंगरावांनी लेखी अर्ज मागितला. अर्ज दिल्यावर वायरीच्या उंचीचा नकाशा मागितला. नकाशा दिल्यावर आक्षेप काढला की उद्या इमारतीत कुणाचं बरंवाईट झालं आणि खांद्यावरून खाली न्यायची वेळ आली, तर वायर आडवी येईल. सिराजभाईंनी लेखी उत्तर दिलं की वायर साडेआठ फुटांवर आहे, सोसायटीतला कुठलाही सभासद उभ्या हयातीत एवढा उंच झाल्याची नोंद नाही, आणि वर गेल्यावर तो उंच होईल असं मानायला आधार नाही. रंगरावांनी अकरा दिवस हा कागद दाबून ठेवला. सिराजभाईंनी स्मरणपत्र क्रमांक एक, दोन आणि तीन पाठवलं, तिसरं त्यांच्या दाराच्या कडीत अडकवून. त्या अकरा दिवसांत नवराबायको एकदाही एकत्र बाहेर पडले नाहीत. शेवटी मंजुरी आली ती 'सौंदर्यास बाधा न आणता' या शर्तीवर. पॅसेजचं सौंदर्य म्हणजे रंगरावांची मोडकी सायकल, तिला कुणी हात लावला नाही.

आणि मंडळी, काम फत्ते झालं. त्यानंतर दोघं दोनदा बाहेर गेले, दोन्ही वेळा हब क्रमांक एक झोपलं आणि हब क्रमांक दोनने कारभार बिनबोभाट ओढला. शहाबाजच्या फोनवर संदेश आला की घर चालू आहे. सिराजभाईंनी समोर जाऊन फ्रिजवरच्या डबीसमोर दोन मिनिटं उभं राहून समाधान व्यक्त केलं. असा माणूस माझ्या हाताखाली असता तर, एवढंच म्हणाले. पाचवी ओळ कोरी राहणार याबद्दल त्यांना तिळमात्र शंका राहिली नाही.

मग रंगरावांच्या नातीचं, राजनंदिनीचं, बारसं आलं. स्वारगेटजवळच्या हॉलमध्ये, रविवारी दुपारी. वायरीवरून झालेलं सगळं विसरून रंगरावांनी अख्ख्या इमारतीला बोलावलं होतं. सिराजभाई, हुस्नबानू आणि सुशीलाबाई एकाच रिक्षाने गेले. बाळाला पाळण्यात घालून झालं, नाव ठेवून झालं, पंगत बसली, पानात दुसरी जिलबी पडली आणि फोन वाजला.

शहाबाज फक्त म्हणाला, "अब्बा, दोन्ही गेली. पाच झाले. मी केव्हाच निघालोय, घरी पोचतोच."

सिराजभाईंनी त्याला सांगितलं की मी इथे शंभर माणसांत बसून जिलबी खातोय, याहून ऑनलाइन माणूस कसा असतो? पण त्याने फोन ठेवला होता. पंगत अर्धी टाकून तिघं उठले. रंगराव मागून ओरडत होते की मसालेभात बाकी आहे, परत या, मी पानं उचलू देत नाही. रिक्षात हुस्नबानूंनी पदराचं टोक मुठीत धरून ठेवलं होतं. वेगळं मीटर, वेगळं इंटरनेट, मंजूर वायर, आणि तरी दोन्ही एकदम? सिराजभाईंना यात कटाचा वास येऊ लागला.

तिसऱ्या मजल्यावर पोचले तर शहाबाज आधीच आत. त्याच्याकडे किल्ली असते. तो बोर्डासमोर हाताची घडी घालून उभा होता आणि त्याने कशालाही हात लावला नव्हता. सिराजभाई तणतणत आत आले. डावा हात खिशात किल्ली ठेवायला गेला, आणि उजवा हात आपला आपण वर गेला, बोर्डाच्या वरच्या बटणापासून खालच्या बटणापर्यंत झरझर उतरला. टक, टक, टक, टक. दिवा लागला. रेडिओ मधूनच एक गाणं म्हणू लागला. रुमालाखाली डबीने डोळे उघडले आणि हळूहळू हिरवी झाली.

रेडिओ गातच होता.

त्याच क्षणी समोर सुशीलाबाईंनी दार उघडलं आणि मेन स्विच वर केला, त्याचा खट्ट असा आवाज पॅसेजभर घुमला. फ्रिज गुरगुरला. बाईंना वाटलं आपल्याकडे सगळे बघताहेत म्हणजे काही विचारताहेत. त्या म्हणाल्या, घर बंद करून जाताना मी मेन खाली करते, गॅस, नळ, मेन, आमच्या आईची शिकवण आहे. आणि मग, चपला अर्ध्या काढलेल्या असताना, त्यांना स्वतःचंच बोलणं ऐकू आलं.

हुस्नबानू चपलांच्या रॅकवर बसल्या आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. सिराजभाई स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत राहिले. चाळीस-पन्नास वर्षं हा हात घर सोडताना बोर्डावरची सगळी बटणं बंद करतो आणि घरात शिरताना चालू करतो, ते त्यांना आज कळलं. रेडिओ गप्प झाल्याचं त्यांना कधी दुःख झालं नव्हतं, त्यामुळे तो गप्प होतो हे लक्षात यायचंही कारण नव्हतं. शालनबाई आठवल्या आणि कान गरम झाले. पण माणूस इमानदार. त्यांनी कपाटातून करारपत्र काढलं, खिशातलं पेन उघडलं आणि पाचव्या ओळीत लिहिलं, कारण: स्वतः. मागच्या चार अज्ञातांवर काट मारून तिथेही तेच लिहिलं. सही केली.

शहाबाज म्हणाला की मग ठरल्याप्रमाणे शनिवारी टेम्पो आणतो. तो काही जिंकल्यासारखं बोलला नाही. "अब्बा, मी मीटिंगमध्ये बसतो आणि तो हिरवा दिवा बघत असतो," तो म्हणाला. "तो गेला की मला भीती वाटते. आठ दिवस अम्मीचा हात गळ्यात होता आणि मला माहीत नव्हतं."

सिराजभाईंनी पेनचं टोपण लावलं.

"ते आठ दिवस," ते म्हणाले, "सुशीलाबाई दोन वेळच्या पोळ्या आणून देत होत्या. रंगराव, ज्याच्याशी माझं पटत नाही, तो रोज दूध वर आणत होता. जिनत स्वारगेटहून येऊन तुझ्या अम्मीचे केस विंचरून जात होती. आम्ही एक मिनिट बंद नव्हतो. त्या आठ दिवसांत ऑफलाइन कोण होतं ते तू बघ. फोन आम्ही केला नाही, ही चूक कबूल. पण तूही केला नव्हतास."

हुस्नबानूंनी हसणं थांबवलं होतं. त्या उठून मुलाच्या खांद्याला धरून म्हणाल्या की आता मी रोज सकाळी फोन करीन, डबीशिवाय, पण शनिवारी टेम्पो आला तर रिकामा जाईल. शहाबाज मात्र आपल्या बापाचाच मुलगा. कागद म्हणजे कागद, तो म्हणाला, सह्या आहेत. सिराजभाईंना एका बाजूने राग आला आणि दुसऱ्या बाजूने पोराचा अभिमान वाटला, कारण कागदाबद्दल तो बरोबर बोलत होता.

तेवढ्यात रंगरावांचा तिसरा फोन आला. पानं वाढलेली आहेत, मुलगा आलाय तर त्यालाही घेऊन या, बाळाचं जेवण असं अर्धं टाकू नका. मग पुढे कुणाला नाही म्हणता येईना. सुशीलाबाई पुढे निघाल्या, या खेपेला त्यांनी मेनकडे बघून हात मागे बांधून घेतले. हुस्नबानू कठडा धरून उतरू लागल्या. आज त्यांच्यासोबत सिराजभाईही उतरले, दोन्ही हात खिशात खुपसून, बोर्डाकडे न बघता, करारपत्र वरच्या खिशात घडी करून. कुलूप लावून मागून ये, असं त्यांनी शहाबाजला सांगितलं.

तळमजल्यावर सगळे रिक्षाची वाट बघत उभे राहिले. शहाबाज किल्ली खिशात टाकत खाली आला, आणि शेवटच्या पायरीवर असतानाच त्याचा फोन किणकिणला. त्याने बघितलं. हब क्रमांक एक ऑफलाइन, कारभार हब क्रमांक दोनकडे. त्याने वर तिसऱ्या मजल्याकडे बघितलं, मग स्वतःच्या उजव्या हाताकडे बघितलं, बराच वेळ.

सिराजभाईंनी वरच्या खिशातून करारपत्र काढलं आणि पाचव्या ओळीच्या खाली नखाने एक रेघ ओढली.

"ही सहावी," ते म्हणाले. "कारणात कुणाचं नाव लिहायचं?"

शहाबाजने कागद हातात घेतला, वरपासून खालपर्यंत वाचला आणि पेन मागितलं.